बाळ अजून यायचंय, झोप मात्र आत्ताच उडालीये

या वेळी पत्रांचा ढीग आलाय आणि बघावं तर निम्म्याहून जास्त पहिलटकरणींची, दोन-चार होणाऱ्या बाबांचीही आहेत. सगळी घेता येणार नाहीत, म्हणून जे प्रश्न फिरून फिरून आले तेच घेतलेत. मी बरीच वर्षं नवजात बाळांच्या वॉर्डात नर्स होते आणि घरी स्वतःची दोन वाढवलीत, त्यामुळे उत्तरात थोडं तिथलं थोडं घरचं असं मिसळून येणार. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगून ठेवते, जिथे डॉक्टरकडेच जायला हवं तिथे तसं लिहिलंय.

प्रश्न: ताई, मला छत्तिसावा आठवडा लागलाय. बाळाचं कपाट भरलंय, हॉस्पिटलची बॅग भरलीये, ती तीनदा उपसून परत भरलीये. नेटवर लिस्ट बघते तर एकीत साठ वस्तू, दुसरीत नव्वद. परवा रात्री दोनला आठवलं की बाटल्या निर्जंतुक करायचं मशीन घ्यायचं राहिलंय, मग सकाळपर्यंत डोळ्याला डोळा नाही. नवरा म्हणतो तू फार विचार करतेस. खरंच करतेय का? आणि नक्की लागतं तरी काय काय?

उत्तर: आधी नवऱ्याला उत्तर. विचार फार होतोय असं मला नाही वाटत, फक्त सगळाच्या सगळा कपाटावर खर्च होतोय. कळा कधी येतील, डिलिव्हरी कशी होईल, बाळ कसं असेल यातलं काहीच आपल्या हातात नसतं, कपाट मात्र असतं, म्हणून मन तिकडे धावतं. हे मी स्वतःवरून सांगतेय हं. वॉर्डात रोज इतकी बाळं हाताखालून जायची, तरी माझ्या नवव्या महिन्यात मी रात्री साडेअकराला उभं राहून चोवीस लंगोटांना इस्त्री केली होती, कडेला कड जुळवून, रुमालाला करतात तशी, आणि बाळ आल्यावर चौथ्याच दिवशी त्यातल्या एका लंगोटाने मी फरशी पुसत होते.

आता लिस्ट. पहिला महिना बाळ दूध पितं, शी-शू करतं, झोपतं आणि रडतं, बास. वस्तूही तेवढ्यापुरत्याच लागतात. दिवसाला आठ-दहा डायपर किंवा लंगोट जातात, कधी बाराही, पण सगळ्यात छोट्या साइझची पाच-पाच पाकिटं आधी आणू नका, काही बाळं दोन-तीन आठवड्यांतच त्यात मावेनाशी होतात. पुढून उघडणारे सैल कपडे सहा-सात, एकदा धुतलेले. चार-पाच मऊ दुपटी. साधा डिजिटल थर्मामीटर, हा मात्र नक्की घ्या आणि तो कसा लावायचा ते आत्ताच वाचून ठेवा, कारण तो लागतो तेव्हा रात्रीचे तीन वाजलेले असतात आणि चष्मा सापडत नसतो. कारने घरी येणार असाल तर मागे तोंड करून बसवायची बेबी सीट, तीही आधी बसवून बघा, पट्टे कुठून ओवायचे हे हॉस्पिटलच्या दारात उभं राहून शिकायची गोष्ट नाही. आणि ते मशीन राहू द्या. बाटली लागलीच तर नीट धुऊन पातेल्यात दहा मिनिटं उकळली की काम झालं.

झोपायच्या जागेबद्दल मात्र जरा सविस्तर सांगते, कारण लिस्टमधल्या निम्म्या गोंडस वस्तू तिथेच ठेवायच्या म्हणून विकल्या जातात आणि त्याच तिथे नको असतात. बाळाला लागते ती सपाट, बऱ्यापैकी कडक गादी आणि ताणून बसवलेली एक चादर. उशी नको, कडेने लावायचे ते फुगीर तक्के नकोत, मऊ खेळणी नकोत, सुटं पांघरूण नको. झोपवायचं पाठीवर, रात्रीही आणि दुपारच्या डुलकीलाही. एका कुशीवरही नाही, कारण कुशीवरून पालथं व्हायला वेळ लागत नाही. एके काळी डॉक्टरच बाळांना पालथं झोपवायला सांगायचे. अमेरिकेत १९९४ साली पाठीवर झोपवा अशी मोठी मोहीम सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत तिथे झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं, तेही कुठलं औषध न देता. यावर घरातलं कुणीतरी हमखास विचारेल की पाठीवर असताना दूध उलटलं तर घशात नाही का अडकणार? नाही अडकत. बाळ पाठीवर असलं की श्वासनलिका वरच्या बाजूला येते आणि अन्ननलिका खाली, त्यामुळे उलटलेलं दूध वर चढून श्वासात जाण्यापेक्षा गिळलं जाणं किंवा बाहेर येणं सोपं असतं. बाळाची जागा तुमच्याच खोलीत, पण पलंग वेगळा, निदान पहिले सहा महिने.

आणि हातात काहीतरी हवंच असेल तर कपाटाऐवजी एक कागद घ्या. त्यावर लिहा: कळा पाच-पाच मिनिटांनी, प्रत्येक मिनिटभर टिकणारी, आणि असं तासभर चाललं की निघायचं. डॉक्टरांनी तुम्हाला वेगळं सांगितलं असेल तर ते लिहा. त्याखाली मोठ्या अक्षरात: पाणी गेलं, रक्त गेलं किंवा बाळाची हालचाल कमी झाली तर कळांची वाट बघायची नाही, लगेच फोन. खाली हॉस्पिटलचा नंबर, नेणाऱ्याचा नंबर आणि तो नाही भेटला तर दुसऱ्याचा. कागद दाराला चिकटवा. डॉक्टरांनी दिलेल्या तारखेवर फार विसंबू नका, बरोबर त्या दिवशी येणारी बाळं वीसातलं एखादं, बाकी सगळी आपल्या सवडीने, त्यामुळे छत्तिसाव्याला बॅग तयार आहे हे उत्तमच झालं. फक्त चौथ्यांदा उपसू नका.

प्रश्न: मला हे कुणाशी बोलता येत नाही म्हणून लिहितोय. बायकोला सातवा महिना आहे. ती पोटाशी बोलते, हसते, मला ते जमत नाही, नाटक केल्यासारखं वाटतं. सोनोग्राफी बघून ती रडली, मला नुसतं करडं करडं काहीतरी दिसलं. बाळ मलाही हवंय, पण आतून काहीच वाटत नाहीये. त्यात आजपर्यंत मी एकही तान्हं बाळ हातात घेतलेलं नाही, पाडेन अशी भीती वाटते. मी चांगला बाप होईन का?

उत्तर: तुमच्या बायकोला ते बाळ रात्री लाथा मारतं हो, तुम्हाला फक्त फोटो दाखवलाय, तोही करडा. दोघांना सारखंच वाटावं अशी अपेक्षाच चुकीची आहे. कितीतरी बाबांना, आणि हे कुणी बोलत नाही पण कितीतरी आयांनासुद्धा, बाळ हातात आल्यावरही पहिले काही दिवस काही वाटत नाही, ते रोजचं करता करता येतं, आणि कधी आलं हे नेमकं सांगता येत नाही.

वॉर्डातले एक बाबा मला अजून आठवतात. धिप्पाड माणूस, बाळ दिवसांआधी झालेलं, दोन किलोच्या आतलं, आणि हे रोज यायचे आणि दोन्ही हात खिशात घालून भिंतीला टेकून उभे राहायचे. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, शर्टाची बटणं काढा आणि त्या खुर्चीत बसा. बाळाला फक्त डायपरवर त्यांच्या छातीवर उभं ठेवलं, वरून पांघरूण घातलं. पाच मिनिटांनी बघते तर माणूस लालबुंद झालेला. काय झालं विचारलं तर ओठही न हलवता म्हणाले, सिस्टर, श्वास घेतला तर चालेल ना? त्यानंतर पाऊण तास हलले नाहीत, पायाला मुंग्या येऊन उठता येईना तरी बाळ द्यायला तयार नव्हते.

या पद्धतीला कांगारू केअर म्हणतात. १९७० च्या दशकाच्या शेवटी कोलंबियातल्या बोगोता शहरात एदगार रे सानाब्रिया नावाच्या डॉक्टरांनी ती सुरू केली, कारण कमी दिवसांची बाळं भरपूर आणि काचपेट्या कमी. आईच्या उघड्या छातीवर ठेवलेल्या बाळाचं अंग गरम राहतं, श्वास आणि ठोके स्थिर राहतात हे दिसलं आणि आता जगभर करतात, पूर्ण दिवसांच्या बाळालाही. बाबाच्या छातीवरही चालतं. तेव्हा हॉस्पिटलमध्ये आधीच सांगून ठेवा की मलाही करायचंय. फक्त तुम्हाला पेंग येत असेल तेव्हा नको, आणि सोफ्यावर बाळाला छातीवर घेऊन झोपून जाणं तर अजिबात नको, ते खरोखर धोक्याचं आहे.

धरायचं कसं, तर एक पंजा मान आणि डोक्याखाली, दुसरा ढुंगणाखाली, आणि मग बाळाला वर ओढण्याऐवजी स्वतः खाली वाकून छातीशी घ्यायचं आणि दोघांनी मिळून सरळ व्हायचं. बाळ मान धरतं तीन-चार महिन्यांनी, तोवर मानेला आधार एवढा एकच नियम. बाळं दिसतात तेवढी नाजूक नसतात, दुपट्यात गुंडाळून हातात दिल्यावर बहुतेक नवे बाबा इतके सावध असतात की पाडणं सोडाच, त्यांच्या हातातून बाळ काढून घ्यायलाच वेळ लागतो.

एक काम आत्ताच ठरवून टाका. अंगावर पाजणं सोडून सगळं तुम्हाला करता येतं: रात्री बाळ उठलं की डायपर तुम्ही बदलायचं, बाळ तिच्याकडे द्यायचं, पिऊन झालं की परत घेऊन खांद्यावर टाकून ढेकर काढायची. तिला सलग दोन-तीन तास झोप मिळणं हे कुठल्याही प्रेमळ बोलण्यापेक्षा मोठं आहे. आणि तिच्याकडे लक्ष ठेवा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी विनाकारण रडू येणं हे बहुतेकींना होतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढेही चालू राहिलं, बाळ झोपलं तरी तिला झोप येत नाही, कशातच मन नाही, किंवा मी नसते तर बरं झालं असतं असं काही तोंडातून आलं, तर होईल बरं म्हणून थांबू नका, डॉक्टरकडे न्या. शेवटचं वाक्य आलं तर त्याच दिवशी. असं नैराश्य बाबांनाही येतं, तेव्हा हीच परीक्षा स्वतःलाही लावा.

प्रश्न: बाळ नऊ दिवसांचं आहे. झोपेत श्वास भराभर घेतं, मग एकदम थांबतं आणि माझं काळीज थांबतं. मी रात्री दर वीस मिनिटांनी उठून नाकाखाली बोट धरते. श्वास मोजणारं मशीन घेऊ का?

उत्तर: नाकाखाली बोट न धरलेली आई मला अजून भेटायचीये. नवजात बाळाचा श्वास असाच असतो, काही सेकंद भराभर, मग पाच-दहा सेकंद चक्क बंद, मग परत सुरू. मेंदूतलं श्वासाचं केंद्र अजून नवीन असतं, काही महिन्यांत ताल बसतो. मिनिटाला चाळीस ते साठ श्वास म्हणजे आपल्या दुपटी-तिपटीने, त्यामुळे ते धापा टाकतंय असं वाटतं.

धावपळ कधी करायची तर ओठ किंवा जीभ निळी पडली, प्रत्येक श्वासाला बरगड्यांमधली कातडी आत ओढली जातेय, श्वास सोडताना कण्हल्यासारखा आवाज येतोय, शांत असतानाही श्वास साठच्या वर टिकून आहे, किंवा थांबलेला श्वास वीस सेकंदांतही सुरू होत नाही. यातलं काहीही दिसलं तर तडक हॉस्पिटल. मशीनबद्दल, अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स ही तिथल्या बालरोगतज्ज्ञांची संस्था सांगते की झोपेतला धोका टळेल म्हणून घरी अशा मॉनिटरवर विसंबू नका. माझं स्वतःचं मत जरा जास्त कडक आहे, ते मशीन रात्री उगाच वाजतं आणि मग आई वीस मिनिटांनी उठायची ती दहा मिनिटांनी उठायला लागते. वर लिहिलेली झोपायची जागा नीट करा आणि आज रात्री एक पाळी दुसऱ्या कुणाला तरी द्या, बोट त्यांना धरू दे.

प्रश्न: माझी डिलिव्हरी होऊन पाच दिवस झाले. बाळ दर दोन तासांनी दूध मागतं, कधी तासानेच. आई म्हणते दूध पुरत नाहीये, सासूबाई म्हणतात दूध पातळ आहे, नणंद म्हणते वरचं सुरू कर. त्यात बाळाचं वजन जन्मापेक्षा कमी भरलंय. मी रोज रडतेय.

उत्तर: तिघींचीही माया आहे आणि तिघींपैकी कुणीही डायपर मोजलेलं नाही. दूध आत किती गेलं हे दिसत नाही, पण बाहेर किती आलं ते दिसतं, म्हणून आपण तेच मोजायचं. पहिल्या दिवशी एक शू, दुसऱ्या दिवशी दोन, असं वाढत पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त भिजलेले डायपर, म्हणजे दूध पोचतंय. शीचा रंगही बघा. पहिली डांबरासारखी काळी चिकट, मग हिरवट, आणि चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पिवळी, पातळ, दाणेदार. पिवळी झाली म्हणजे पोटातली जुनी शी संपून दुधाची सुरू झाली. पाचव्या दिवशीही काळीच असेल किंवा डायपर कोरडे असतील, तर मात्र आजच दाखवा.

वजनाचं म्हणाल तर पहिल्या काही दिवसांत सात ते दहा टक्के कमी होणं अपेक्षितच असतं. तीन किलोचं बाळ दोन किलो आठशेवर आलं तर ते वाळलं असं नाही, अंगातलं जास्तीचं पाणी गेलेलं असतं. साधारण दोन आठवड्यांत जन्माचं वजन परत यायला हवं. दहा टक्क्यांहून जास्त उतरलं तर डॉक्टर आणि स्तनपान शिकवणारी नर्स, दोघांना गाठा, बऱ्याचदा बाळ नुसतं बोंडावर लटकलेलं असतं, पूर्ण तोंड उघडून काळ्या भागासकट धरत नाही, आणि ते बसल्या जागी दुरुस्त होतं. तुम्हाला पाजताना सतत दुखत असेल तर बहुधा हेच आहे.

आणि दर दोन तासांनी मागणं म्हणजे भुकेलं राहणं नाही. दिवसाला आठ ते बारा वेळा पिणं हे नेहमीचंच, पोटच एवढंसं असतं. संध्याकाळी तर काही बाळं तासातासाला चिकटतात, त्याने दूध वाढतंच, कारण जितकं ओढलं जातं तितकं तयार होतं. वरचं सुरू केलं की ओढणं कमी आणि मग खरंच दूध कमी, अशी गंमत होऊन बसते. अर्थात डॉक्टरांनी वजन बघून वरचं द्यायला सांगितलं तर निमूट द्या, त्यात हार-जीत काही नाही.

अ‍ॅप वगैरे नको, त्यात इतके रकाने असतात की बाळापेक्षा फोनच जास्त वेळ हातात. एक कागद, पेन्सिल, शूला एक रेघ, शीला एक फुली. पुढच्या वेळी कुणी दूध पुरत नाही म्हटलं की कागद पुढे करायचा, आई हे बघ, कालच्या सात रेघा.

हे कागदाला मागे लिहून ठेवा: तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सियस म्हणजे १००.४ फॅरेनहाइट किंवा जास्त ताप म्हणजे लगेच डॉक्टर, रात्र असली तरी, आणि घरातलं औषध देऊन बघूया असं नाही. पहिल्या चोवीस तासांतच पिवळेपणा दिसला, किंवा नंतर तो पायांपर्यंत उतरला, किंवा बाळ मलूल होऊन दुधाला उठेना, तरीही तसंच.

छोटे प्रश्न, एकदमच: उचकी लागते, पाणी देऊ का? नको, उचकीचा त्रास आपल्याला होतो, बाळाला नाही, आणि सहा महिन्यांपर्यंत दुधाशिवाय काहीच नको, पाणीसुद्धा नाही. टाळू उडताना दिसते, हात लावला तर? खुशाल लावा, खाली जाड पडदा असतो, फक्त ती खोल गेलेली किंवा शांत असताना फुगलेली दिसली तर दाखवा. हातपाय गार लागतात? त्यावरून ठरवू नका, मानेमागे हात लावून बघा, तिथे ऊब असेल तर ठीक, घाम असेल तर एक कपडा कमी. नाळ कधी पडेल? एक ते तीन आठवड्यांत, कोरडी ठेवा, ओढू नका. मुलाच्या छातीला गाठ आलीये, मुलगा आहे हो! आईच्या हार्मोन्समुळे मुलगा-मुलगी दोघांनाही येते, दाबू नका, जाते आपली आपण.

प्रश्न: माझे अजून दोन महिने आहेत. मी मुळात तापट आहे. बाळ रडतच राहिलं आणि मला त्याचा राग आला तर? हे लिहितानाही लाज वाटतेय.

उत्तर: लाज कसली, या महिन्यातलं सगळ्यात शहाणं पत्र तुमचं आहे. राग येईल. मलाही आला होता.

रडण्याचं एक गणित असतं ते माहीत असलेलं बरं. दुसऱ्या आठवड्यापासून वाढत जातं, सहाव्या आठवड्याच्या आसपास कळस, आणि तीन-चार महिन्यांत बरंच कमी. म्हणजे सहाव्या आठवड्यात तुम्हाला जे वाटेल की मला जमतच नाहीये, ते सगळ्यांना त्याच आठवड्यात वाटतं. भूक, डायपर, ढेकर, गरम-थंडी, ताप एवढं बघायचं. सगळं ठीक असूनही रडतंय, तर कधीकधी त्याला कारण नसतं, किंवा असलं तरी आपल्याला सापडणारं नसतं.

आणि डोकं भणभणायला लागलं, हात घट्ट होतायत असं जाणवलं, की बाळाला त्याच्या पलंगावर पाठीवर ठेवायचं, दार ओढून घ्यायचं आणि दुसऱ्या खोलीत जायचं. पाच-दहा मिनिटं. पोट भरलेलं, कोरडं बाळ दहा मिनिटं एकटं रडल्याने त्याला काही होत नाही. हलवल्याने होतं. रागाच्या भरात काही सेकंद जोराने गदागदा हलवलं तरी मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, बाळ दगावू शकतं, म्हणून हे आजच नवऱ्याला, आईला, सांभाळायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवा, आणि रात्री-अपरात्री फोन केला तर चालेल अशी दोन नावंही आत्ताच पक्की करा. त्या वेळी शोधत बसायचं त्राण नसतं.

माझी थोरली पाच आठवड्यांची असताना एका रात्री मी तिला ठेवून बाथरूममध्ये जाऊन बसले होते, नळ सोडून, म्हणजे ऐकू येऊ नये. खाली टाइल्स होत्या त्या मोजल्या, एकशे बारा भरल्या. परत गेले तेव्हा ती रडतच होती, मी उचलून घेतलं आणि पुढचे चाळीस मिनिटं आम्ही दोघी पॅसेजमध्ये फेऱ्या मारत होतो.